डॉक्टर मॅडम, वाघ काय भात खातो काय?

पत्र असं आहे, थोडं कापून देते.

"मॅडम, मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, वय २५. आमच्याकडं जर्मन शेफर्डचं पिल्लू आहे, शेरा. साडेचार महिन्याचा, वजन १६ किलो. आधी दूध-चपाती आणि पिल्लांचं ड्राय फूड असं मिक्स चालायचं. मग इन्स्टावर रॉ डाएटच्या रील बघितल्या आणि गेले सात आठवडे फक्त कच्चं देतोय, रोज ७०० ग्रॅम बोनलेस चिकन, बकऱ्याचं काळीज (लिव्हर) नाहीतर फोपसं (फुफ्फुस), आणि एक कच्चं अंडं. केस असले चमकायला लागलेत की रंकाळ्यावर लोक थांबून विचारतात. हाड घशात अडकंल म्हणून हाड देत नाही. आई रोज भांडते, कारण घरात आजी आहे आणि ताई तिच्या १० महिन्यांच्या बाळाला घेऊन माहेरी आलीय. तालमीतला दोस्त म्हणतो, वाघ काय भात खातो काय? मी बरोबर करतोय ना? एक सांगायचं राहिलं, चार दिवस झाले पुढच्या उजव्या पायानं जरा लंगडतोय आणि जिना चढायचा कंटाळा करतोय, वाढीचं असंल म्हणून सोडून दिलंय."

तुला तू म्हणते, माझ्या पोराच्या वयाचा आहेस. आणि आधी ते शेवटचं घेते, कारण ते 'राहिलेलं' वाक्य मी तीन वेळा वाचलं.

शेराला आज दवाखान्यात ने. उद्या परवा नको, रविवारची वाट पण बघू नको. जिथं एक्स-रे होतो अशा ठिकाणी ने, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग की सात आठवडे कच्चं बिनहाडाचं मांस आणि अंडं सोडून याच्या पोटात काही गेलेलं नाही. "चिकन देतो" एवढंच सांगितलंस तर समोरच्याला वाटंल घरचं शिजवलेलं, भातात कालवलेलं, आणि तो दुसरंच काहीतरी शोधत बसंल. जर्मन शेफर्डची पिल्लं बाकीच्या कारणांनी पण लंगडतात हे खरं आहे, लांब हाडांत सूज येऊन एकदा हा पाय एकदा तो पाय दुखण्याचा एक प्रकार या जातीत बराच बघायला मिळतो आणि तो वाढीबरोबर आपोआप जातो पण, मग खुब्याचा सांधा आहे, मार लागलेला असू शकतो. त्यामुळं इथं बसून निदान करणार नाही मी. पण तू लिहिलेला खुराक आणि हे लंगडणं एकत्र वाचल्यावर माझ्या डोक्यात जे पहिलं आलं ते कॅल्शियम, आणि तसं असंल तर एकेक दिवस महत्त्वाचा आहे.

आता हिशोब सांगते, तू स्वतः करून बघ. १६ किलोच्या वाढत्या पिल्लाला दिवसाला साधारण ११०० कॅलरी लागतात आणि एवढ्या खाण्यातनं त्याला ३ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळायला पाहिजे, म्हणजे ३००० मिलिग्रॅम. बोनलेस चिकनमध्ये १०० ग्रॅमला कॅल्शियम असतं १० मिलिग्रॅमच्या आसपास. तुझ्या ७०० ग्रॅममधनं मिळालं ७० मिलिग्रॅम. बाकीचं अंडं-काळीज धरून शंभर-सव्वाशे म्हण. हवंय ३०००, जातंय सव्वाशे. आणि त्याच चिकनमध्ये फॉस्फरस मात्र १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो, म्हणजे १४०० तिथंच झाला आणि काळजात वर आणखी. ही दोन्ही खनिजं शरीरात जोडीनं चालतात, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं, आणि तुझ्याकडं ते उलटं होऊन एकाला वीस असं झालंय. मग रक्तातलं कॅल्शियम खाली यायला लागलं की गळ्यातल्या पॅराथायरॉइड नावाच्या बारक्या ग्रंथी हॉर्मोन सोडतात आणि ते हॉर्मोन हाडातनं कॅल्शियम ओढून रक्तात आणतं, कारण हृदय आणि स्नायू चालायला ते रक्तात पाहिजेच. रोज ओढलं जातं. बाहेरनं कुत्रं मस्त दिसतं, केस चमकतात, अंगात मांस भरतं, वजन वाढतं, आणि आत हाड पातळ होत जातं, आणि तेवढ्याच पातळ हाडावर तो वाढलेला भार पडतो. रक्त तपासलं तरी कॅल्शियम बऱ्याचदा नॉर्मल येतं, कारण शरीर हाड विकून ते नॉर्मल ठेवत असतं, म्हणून मी एक्स-रे म्हणतेय.

मी असं पिल्लू बघितलंय जे सोफ्यावरनं खाली उतरलं आणि मांडीचं हाड मोडलं. उडी पण नाही म्हणता येणार, नुसतं उतरलं. घरातली माणसं चांगली होती, जीव लावणारी, रोज ताजं चिकन आणायची. आईवडील आणि दोन मुलं, चौघंपण टेबलाभोवती उभी होती आणि एकच विचारत होती की आम्ही तर सगळ्यात भारी खायला घालत होतो. म्हणून तुझं पत्र आल्या आल्या बाकीची बाजूला ठेवली.

वाघाचं बोलूया, कारण तुझा दोस्त म्हणतोय तो प्रश्न वाईट नाहीये. वाघ भात खात नाही हे खरंच आहे. पण वाघ बोनलेस पण खात नाही की. तो जनावर मारतो, आतडी-काळीज खातो, झेपतील ती हाडं चावतो, कातड्यासकट फाडतो. १८८९ मध्ये लंडनच्या झूमध्ये अगदी हेच झालेलं. तिथली सिंहाची पिल्लं मुडदूस होऊन एकामागं एक मरायची, कारण त्यांना नुसतं चरबी नसलेलं मांस मिळायचं आणि जी हाडं टाकायचे ती एवढी जाड की पिल्लांना फुटायची नाहीत. जॉन ब्लँड-सटन नावाच्या सर्जननं त्यांच्या खाण्यात कुटलेली हाडं, दूध आणि कॉड माशाच्या लिव्हरचं तेल घालायला लावलं आणि तीन महिन्यांत पिल्लं सुधारली. सिंहाच्या पोराला नुसतं मांस पुरलं नाही. दोस्ताला हे सांग.

आणि कुत्रं म्हणजे वाघ नाही, ते लांडगा पण राहिलेलं नाही. २०१३ मध्ये कुत्रा आणि लांडगा यांच्या जनुकांची तुलना करणारा अभ्यास आला, त्यात दिसलं की स्टार्च पचवणारं अमायलेज बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडं दोन प्रती असतात आणि कुत्र्यांकडं बऱ्याच जास्त, काही कुत्र्यांत तर तीसपर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या चुलीजवळ बसून भाकरीचे तुकडे खाल्ल्याचा हा परिणाम. त्यामुळं शिजवलेला भात, भाकरी, भोपळा हे कुत्र्याला चालतं, पचतं. नुसती दूध-चपाती पुरत नाही ते वेगळं, पण धान्य म्हणजे कुत्र्याला विष असं जे रीलमध्ये ओरडून सांगतात ना ते खोटं आहे.

केसांचं विचारशील म्हणून सांगते, केस चमकतात हे मला मान्य आहे, आणि शी पण कमी आणि घट्ट होते, ते पण खरं आहे. दूध-चपातीवरनं एकदम भरपूर प्रोटीन आणि चरबीवर गेलं की कातडी आणि केस सुधारणारच. पण तेच चिकन शिजवून दिलं तरी केस तसेच चमकतील. शिजवल्यानं प्रोटीन कुठं जात नाही. उलट कच्च्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात एक पदार्थ असतो तो बायोटिन बांधून ठेवतो, आणि बायोटिन केसांनाच लागतं, म्हणजे अंडं तर उकडूनच द्यायला पाहिजे.

आता फोपसं. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण आपल्याकडं यावर कोण बोलतच नाही. मटणाच्या दुकानात कधी बघितलं असशील, बकऱ्याच्या नाहीतर मेंढ्याच्या काळजावर किंवा फोपशावर पांढऱ्या पाण्यानं भरलेल्या गाठी असतात. दुकानदार तेवढा भाग कापून बाजूला फेकतो आणि दुकानाखाली बसलेली कुत्री तो खातात. त्या गाठी म्हणजे एका बारक्या टेपवर्मची पिल्लावळ असते, हायडॅटिड म्हणतात. कुत्र्यानं ती कच्ची खाल्ली की त्याच्या आतड्यात ते जंत मोठे होतात, काही मिलिमीटरचेच असतात, डोळ्याला शीमध्ये दिसत पण नाहीत, कुत्र्याला काही त्रास होत नाही, आणि साधारण सहा-सात आठवड्यांनी अंडी बाहेर पडायला लागतात. शीमध्ये, मग शेपटीखालच्या केसांना, मग जिभेनं अंग चाटलं की सगळ्या अंगावर. ती अंडी माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या लिव्हरमध्ये, फुफ्फुसात तशाच गाठी होतात आणि वर्षानुवर्षं हळूहळू वाढत राहतात, माणूस दहा वर्षांनी पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफीला जातो तेव्हा कळतं आणि मग ऑपरेशन. तुझे सात आठवडे झालेत. घरात रांगणारं बाळ आहे, ते फरशीवरचं सगळं तोंडात घालतं. प्रत्येक फोपशात गाठी असतातच असं नाही, शेराला झालंच असंल असं पण म्हणत नाही मी, पण आजच्या व्हिजिटमध्ये डॉक्टरांना प्राझिक्वांटेल या टेपवर्मवरच्या औषधाचा डोस वजनाप्रमाणं द्यायला सांग, आधीचं जंताचं औषध दिलंय म्हणून गप्प बसू नको कारण पिल्लांच्या सगळ्याच जंताच्या औषधांत ते नसतं. शी रोज उचल, प्लास्टिक हातात घालून, आणि साबणानं हात धू. बाळ आणि शेरा डोस होऊन काही दिवस जाईपर्यंत वेगवेगळ्या खोल्यांत.

आई भांडते ती बरोबर आहे रे. तिला कारण सांगता येत नसंल पण बरोबर आहे. कच्च्या चिकनवर साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असे जंतू सर्रास असतात, चिकन सेंटरात एकाच लाकडावर, एकाच सुरीनं दिवसभर शंभर कोंबड्या कापल्या जातात तिथं तर काय विचारूच नको. आपण ते घरी आणून खळाखळा उकळतो म्हणून आपलं चालतं. अमेरिकेच्या अन्न आणि औषध खात्यानं २०१० ते २०१२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले, ते पण कंपनीचे पॅकबंद आणि बहुतेक फ्रोझन, तर त्यातल्या १५ मध्ये साल्मोनेला निघाला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया. फ्रीझरनं जंत आणि गाठी मरतात, चांगल्या थंड फ्रीझरमध्ये काही दिवस ठेवलं तर, पण बॅक्टेरिया मरत नाहीत, ते नुसते झोपतात आणि मांस वितळलं की परत वाढायला लागतात. त्यात आपल्याकडचा पावसाळा, जुलैमध्ये लाईट गेली की तासन्‌तास नाही. लोक म्हणतात कुत्र्याच्या पोटात अॅसिड कडक असतं, त्याला काही होत नाही. निरोगी मोठ्या कुत्र्याला बऱ्याचदा होत नाही खरं, पण तो काही त्रास न दाखवता शीमधनं आणि तोंडातनं ते जंतू घरभर पसरवत राहतो. आजी, १० महिन्याचं बाळ, आणि चाटणारं पिल्लू. त्या बाळाला साल्मोनेलाचे जुलाब लागले तर सीपीआर हॉस्पिटलला धावावं लागंल, आणि तुझ्या ताईला तोंड दाखवायला तुला जड जाईल.

तर आता कर काय.

आजपासून कच्चं बंद. घरात पडलेलं चिकन नीट शिजव, आतला गुलाबी रंग जाईपर्यंत, मीठ नाही, आणि कांदा-लसूण तर अजिबात नाही. हे कोल्हापूरकरांना मी घसा फोडून सांगते, कांदा आणि लसूण कच्चा, शिजवलेला, वाळवलेला, कुठल्याही रूपात कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो, त्यामुळं कांदा-लसूण चटणी घातलेला तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, त्यात बुडवलेली भाकरी, काहीपण नको. आणि रविवारच्या मटणातली ताटातली हाडं पण नकोत, शिजलेलं हाड चिरफाळतं आणि त्याचं टोक आतड्यात घुसतं. शेजारच्या काकींना पण सांगून ठेव, त्या गॅलरीतनं प्रेमानं टाकत असतात.

मुख्य खाणं म्हणून मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असलेलं ड्राय फूड चालू कर, पाकिटावर लार्ज ब्रीड पपी असं लिहिलेलं आणि वाढीच्या वयासाठी पूर्ण आहार असा उल्लेख असलेलं. मला माहितीय तालमीतल्या पोराला गोळ्यांचं खाणं बघून कसंतरी होतं, खुराक म्हणजे दिसायला खुराक पाहिजे. पण या वयाच्या, या जातीच्या पिल्लाचं कॅल्शियम घरात अंदाजानं जुळवणं फार अवघड आहे आणि चूक झाली तर हाडावर निघते. एरवी मी आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करायला सांगते, इथं तेवढा वेळ नाही, आजच अर्धं ड्राय फूड आणि अर्धं उकडलेलं चिकन असं सुरू कर, पातळ झालं नाही तर चार-पाच दिवसांत पूर्ण. नंतर रोज मूठभर उकडलेलं चिकन वरनं घातलंस तर चालेल, दिवसाच्या कॅलरीच्या दहाव्या हिश्शात ते बसतं आणि शेरा पण खूश.

आणि आता तू जे करणार आहेस ते मला माहितीय म्हणून आधीच थांबवते. हे वाचून मेडिकलमध्ये जाशील आणि कॅल्शियमचं सिरप आणशील. आणू नको. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नको म्हणता येत नाही, जेवढं दिलं त्यातलं बरंचसं आत जातं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लांत जादा कॅल्शियमनं पण हाडं-सांधे बिघडतात. ड्राय फूडमध्ये हिशोबानं घातलेलं असतंच, त्यावर सिरप म्हणजे दुसरी चूक. एक्स-रे बघून डॉक्टरांनी लिहून दिलं तरच, तेवढ्याच दिवसांपुरतं. नाचणीचं पण तेच, नाचणी चांगली आहे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, पण ३००० चा खड्डा तिनं भरत नाही. उन्हात बांधून पण काही होणार नाही, कुत्र्याच्या कातडीत आपल्यासारखं पुरेसं व्हिटॅमिन डी तयार होत नाही, ते खाण्यातनंच जावं लागतं.

दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल, कॉम्बिनेशनच्या गोळ्या, आजीची सांधेदुखीची गोळी, काही देऊ नको. कुत्र्याला त्या जीवघेण्या ठरू शकतात.

रंकाळ्याची फेरी बंद. बाईकमागं पळवत असशील तर ते कायमचं बंद. गुळगुळीत फरशीवर चटई टाक, सोफ्यावर चढू देऊ नको, बाकीच्या कुत्र्यांबरोबर मस्ती नको. डॉक्टर सांगतील तोपर्यंत एका छोट्या जागेत ठेव, नुसतं शी-शूला पट्ट्यानं बाहेर. पोरगं साडेचार महिन्याचं आहे, रडंल, दार खरवडंल, तुझा जीव कासावीस होईल, तरी ठेव. कॅल्शियमचंच असंल आणि अजून काही मोडलेलं नसंल तर खाणं बदलल्यावर हाडं परत भरतात, काही आठवड्यांत फरक दिसायला लागतो आणि महिना-दोन महिन्यांनी परत काढलेल्या एक्स-रेमध्ये चक्क दिसतं ते. पिल्लू आहे, या वयात शरीर फार पटकन सावरतं, यावर माझा पूर्ण भरवसा आहे.

मोठा झाल्यावर कच्चं देऊ का, असं तू पुढच्या पत्रात विचारशीलच. तुझ्या घरात बाळ आणि आजी असेपर्यंत माझं उत्तर नाही असंच आहे. जे लोक नीट करतात ते पण नुसतं बोनलेस देत नाहीत, ८० टक्के मांस, १० टक्के चावता येणारं कच्चं हाड, १० टक्के आतले अवयव आणि त्यात काळीज निम्मंच, कारण काळीज जास्त झालं की व्हिटॅमिन ए अंगात साठून तेच हाडांना बाधतं. आणि एवढं करून पण झिंक, मँगेनीज, आयोडीन, व्हिटॅमिन डी-ई हे कमी पडू शकतं. त्यापेक्षा शेरा दीड वर्षाचा झाला की घरी शिजवलेल्या खाण्याचा तक्ता बनवून घे, चिकन, भात, तांबडा भोपळा, थोडं तेल, अंड्याच्या कवचाची पावडर, सगळं ग्रॅममध्ये मोजून, पशुआहाराचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांकडनं. कवचाच्या पावडरीच्या एका सपाट छोट्या (चहाच्या) चमच्यात २ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, तेव्हा ती पण मनानं ओतायची गोष्ट नाही.

दवाखान्यात जाताना एका कागदावर लिहून ने, कुठल्या तारखेला कच्चं सुरू केलं, रोज किती, काळीज आठवड्यातनं किती वेळा, फोपसं किती वेळा, लंगडणं कधी दिसलं. रिपोर्ट काय आला ते मला कळव, एक्स-रेचा फोटो पाठवलास तरी चालेल. आणि जिन्यावरनं त्याला चालवत उतरवू नको, छातीखाली एक हात आणि मागच्या पायांखाली एक हात घालून उचलून ने. सोळा किलोच आहे, तालमीत जातोस तू.